खिडकीकडचा कोपरा

भंगारमावशी रागीट होती, हे इमारतीतल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं. जिन्यात कुणी केळ्याचं साल टाकलं तर ती ते उचलून टाकणाऱ्याच्या दारात ठेवायची आणि बेल वाजवून सांगायची, "तुमचं काहीतरी खाली पडलं होतं." पण तिचा राग म्हणजे दूध उतू जाण्यातला प्रकार. भस्सकन वर यायचा, थोडा सांडायचा आणि गॅस बंद केला की खाली बसायचा. ज्याला सकाळी झापलं त्याच्याच सदऱ्याचं बटण ती संध्याकाळी लावून द्यायची. त्यामुळे तिच्या रागाला कुणी फारशी भीक घालत नव्हतं. तो एकदाच खाली बसला नाही, आणि ज्याच्यावरचा बसला नाही तो तिचा पाठचा भाऊ होता.

नाव इमारतीनं ठेवलेलं. मावशी पडद्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून पडदे शिवायची, आणि दुकान सुटल्यावर तिचे पाय सरळ घरी कधी आले नाहीत. वाटेत भंगारवाला होता, जुन्या सामानाची दुकानं होती, कुठंतरी घर पाडायचं काम चाललेलं असायचं. लोक टाकतात ते ही उचलते, एवढंच इमारतीला दिसलं. पण उचललेलं सगळंच ही घरात आणत नाही, हे कुणी पाहिलं नाही. घर मोजून दोन खोल्यांचं, त्यात स्वयंपाकाचा ओटा. एखादी वस्तू कुठं राहणार, काय काम करणार, हे ठरल्याखेरीज ती तिला उंबरा ओलांडू द्यायची नाही. माणसांना ती एवढं पारखून घेत नसे.

पाडलेल्या शाळेच्या खिडकीची चौकट होती. तिच्या तावदानांच्या जागी मावशीनं आरसे बसवले होते. न्हाव्याच्या दुकानातली फिरती खुर्ची होती, तिच्या फाटक्या बैठकीवर सोफ्याच्या कापडाचे नमुने जोडून नवी बैठक शिवली होती. रिकाम्या लाकडी रिळांचा दिवा होता. कुलपं हरवलेल्या किल्ल्या एका पट्टीला टांगल्या होत्या, खिडकी उघडली की त्या किणकिणायच्या. रंग उडालेला असेल तिथं तो उडालेलाच ठेवायचा, हा तिचा नियम. खुर्चीच्या हातावर गिऱ्हाइकांच्या कोपरांनी झिजून खळगे पडले होते. ती म्हणायची, "एवढी वर्षं काम केलंय तिनं. ते दिसायला नको?"

आणि बाहेरच्या खोलीत निम्मी जागा खाऊन बसलेलं आईचं टेबल होतं.

आई घरी कपडे शिवायची. कापड बेतताना ती कापडावर कागद ठेवायची आणि कागदावरच्या रेघेवरून दातेरी चाक फिरवायची. लाकडी मुठीचं, पैशाएवढं चाक. कागदातून खाली कापडावर टिंबांची ओळ उमटायची आणि त्या ओळीवर शिवण. पण आईचा हात जड होता. दाते कापडातूनही खाली जायचे आणि टेबलाच्या लाकडात उतरायचे. अशा किती बाह्या, किती गळे, किती खिसे त्या लाकडात उतरले याची गणती नाही. मधोमध तर नुसता टिंबांचा गुंता होता. पण कडांना, कोपऱ्यांना नीट पाहिलं तर कळायचं की ही बाही आहे, ही कॉलर आहे. मावशीला सगळंच कळायचं, कारण लहानपणी कागद सरकू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरायचं काम तिचंच असे. धाकटा टेबलाखाली रिळं घरंगळत बसलेला असे.

आई गेल्यावर टेबल कुणालाच नको होतं. मावशीनं ते हमाल लावून तिसऱ्या मजल्यावर चढवलं. गेलं वर्षभर दर रविवारी ती एकच काम करत होती. टेबलावर पातळ पांढरं कापड ताणून बसवायचं, त्यावर शिंप्याच्या निळ्या खडूची वडी आडवी घासायची. खाली लाकूड लागेल तिथं निळं, टिंब असेल तिथं कोरं. आईच्या रेघा अशा कापडावर वर यायच्या. मग त्या ओळींवर रंगीत दोऱ्यानं धावदोरा घालायचा. मोठ्यांचे कपडे एका रंगात, पोरांचे दुसऱ्या. टेबलाएवढाच पडदा करून तो समोरच्या मोकळ्या भिंतीवर लावायचा होता. जन्मभर लोकांच्या खिडक्यांना पडदे शिवले, हा एक तिचा स्वतःचा. निम्मं टेबल उतरवून झालं होतं. खिडकीकडची बाजू राहिली होती.

आता धाकट्याबद्दल सांगायला हवं. हा गॅरेजमध्ये गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करायचा. चेमटलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, खड्ड्यात पुट्टी भरायची, घासायचं, रंग मारायचा. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. काम संपलं की गाडीवर तळवा फिरवून तो म्हणायचा, "चकाचक." गॅरेजात त्याचं नावच चकाचक पडलं. माणूस मनानं लोण्यासारखा. पण जगातली प्रत्येक वस्तू त्याला दोनच तऱ्हेची दिसायची: चकाचक झालेली आणि व्हायची राहिलेली.

मावशीच्या मालकाला एका दूरच्या गावातल्या हॉटेलाचे पडदे मिळाले आणि तो मावशीला पंधरवडाभर तिकडे घेऊन गेला. जाताना तिनं कुंड्यांना पाणी घालायला म्हणून किल्ली धाकट्याकडे दिली. पुढं ती स्वतःच म्हणायची, "माकडाच्या हाती कोलीत दिलं मी."

ती परतली तेव्हा जिन्यातच रंगाचा वास आला. कुणाकडे काम काढलंय, असा विचार करत ती वर चढली. धाकटा दारात उभा होता, नवरदेवासारखा नवा शर्ट घालून. मागं त्याची बायको, तोंडावर हात ठेवून हसत.

"डोळे मीट," तो म्हणाला.

"का?"

"मीट ना ताई. जरा वेळ."

तिनं मिटले. त्यानं तिला हाताला धरून आत नेलं. तिनं डोळे उघडले आणि तिला वाटलं, आपण दुसऱ्याच्याच घरात आलो.

सगळं पांढरं होतं. नुसतं पांढरं नाही, कुणाच्या तरी महागड्या मोटारीचा मोतिया पांढरा. शाळेच्या खिडकीची चौकट पांढरी. न्हाव्याची खुर्ची पांढरी, हातांवरचे खळगे भरून सपाट केलेले. रिळांचा दिवा पांढरा. किल्ल्यासुद्धा त्यानं पट्टीसकट फवारल्या होत्या. त्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि खिडकी उघडी असूनही वाजत नव्हत्या. घर दवाखान्यासारखं दिसत होतं.

ती टेबलाकडे गेली. टेबलात तिचा चेहरा दिसला. तिनं हात फिरवला, आधी मधोमध, मग खिडकीच्या बाजूला. हाताला काहीच लागलं नाही.

"इथली टिंबं कुठं गेली?" तिनं विचारलं.

"भरली ना सगळी," धाकटा म्हणाला. आवाजात नुसता अभिमान. "चाळण झाली होती गं त्याची. आधी मशीन मारून वरचा थर काढला, मग पुट्टी, परत घासलं, मग प्रायमर, मग रंग. कॉम्प्रेसर वर चढवताना माझी कंबर गेली. पण हात फिरवून बघ, कुठं लागतंय का?"

लागत नव्हतं. त्यानं काम वाईट केलं असतं तर ती एवढी पेटली नसती. एखादं टिंब सुटलं असतं, कुठं फुगा राहिला असता, तर धरायला काहीतरी मिळालं असतं. पण त्यानं चोख काम केलं होतं. आयुष्यातलं सर्वांत चोख काम त्यानं आईच्या टेबलावर केलं होतं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? आपलंच घर. तुला बरं वाटावं म्हणून..."

"मला बरं वाटत नव्हतं, असं कुणी सांगितलं?"

धाकटा बायकोकडे बघू लागला. त्याला खोटं बोलता येत नसे, आणि खोटं बोलायची खरी गरज असते तेव्हा तर मुळीच नाही. "ते वरचे सेक्रेटरी भेटले होते जिन्यात. म्हणाले, तुम्ही एवढ्या गाड्या चमकवता आणि सख्खी बहीण भंगारात राहते. लोक नावं ठेवतात म्हणाले. मला कसंतरीच झालं गं."

मावशी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभी होती. आतापर्यंत तिला वाटत होतं की हा मूर्ख आहे. मूर्खपणा तिनं सोडून दिला असता. लहानपणापासून सोडतच आली होती.

"म्हणजे तुला माझी लाज वाटली," ती म्हणाली.

"लाज नाही गं..."

"लाजच. वर्षानुवर्षं माझ्या घरी येऊन जेवलास, त्या खुर्चीत गोल गोल फिरलास, तेव्हा नाही वाटली. एक परका माणूस जिन्यात दोन शब्द बोलला आणि तुला आईचं टेबल घासावंसं वाटलं. आईनं काय केलं होतं तुझं? तिच्या हाताच्या खुणा तुला खड्डे दिसले. गाडी ठोकलीय कुणी, असं वाटलं का तुला?"

"मला काय माहीत त्या खुणा..."

"विचारलंस? किल्ली होती, फोन होता, तोंड होतं. विचारलंस?"

भावजयीनं "ताई, दमून आलात, आधी पाणी घ्या" असं म्हणून मध्ये पडायचा प्रयत्न केला, तो तिला महागात पडला. तिलाही दोन शब्द मिळाले. मग मावशीनं दाराकडे बोट केलं.

"किल्ली ठेव. आणि जा."

त्यानं किल्ली त्या चकचकीत टेबलावर ठेवली. ठेवताना चरा उठू नये म्हणून हळू ठेवली. मावशीनं ते पाहिलं आणि ती आणखीच भडकली.

इमारतीला मात्र आनंद झाला. एकेकजण घर बघायला येऊ लागला. घर किती मोठं दिसतं आता, किती उजेड आलाय, भाऊ असावा तर असा. मावशी दारातच उभी राहून ऐकून घ्यायची. सेक्रेटरीही आले, निवृत्त माणूस, रिकामा वेळ भरपूर, लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात हयात गेलेली. ते म्हणाले, "आता कसं माणसांचं घर वाटतंय."

"आधी कुणाचं वाटत होतं?" मावशीनं विचारलं.

ते हसले, मग तिचा चेहरा पाहून हसायचे थांबले. "माझ्या घरात काय आहे ते तुम्हाला खुपत होतं तर मला सांगायचं," ती म्हणाली. "मी तिसऱ्या मजल्यावर राहते, परदेशात नाही. माझ्या भावाच्या कानाला कशाला लागलात? त्याला अक्कल कमी आहे हे मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक होतं." सेक्रेटरी वर गेले ते पुढं बरेच दिवस जिन्यात भेटले नाहीत.

राग खाली बसेना. दुकानात ती सुई मोडायची. घरी पांढऱ्या खुर्चीवर बसायची नाही, जमिनीवर बसायची. टेबलावर तर तिनं चहाचा कपही ठेवला नाही. खरं म्हणजे रागाखाली दुसरं काहीतरी होतं आणि ते वर येऊ नये म्हणून ती राग धरून ठेवत होती. तिला आईची आठवण येत होती. रडू येईल म्हणून ती चिडत होती.

भावजय एकटी आली. "ते धड जेवत नाहीत," म्हणाली.

"मग उपाशी राहू दे. पोट कमी होईल."

"ताई, त्यांनी तुमच्यासाठी रजा घेतली होती. असं काय होतं हो त्या टेबलात?"

मावशी उठली. कपाटातून तिनं ते निम्मं झालेलं कापड काढलं आणि जमिनीवर पसरलं. भावजय गुडघ्यांवर बसली. बोटानं एका लाल धाग्याच्या मागं गेली. "ही बाही," ती म्हणाली. मग दुसऱ्या रेघेच्या मागं गेली. "हा गळा." ती स्वतः कधी शिवली नव्हती, पण कपडे धुतले होते, त्यांना इस्त्री केली होती, कुठला भाग कुठला हे हाताला माहीत होतं. निळं कापड जिथं संपून पांढरं सुरू होत होतं तिथं तिचं बोट थांबलं.

"आणि हे राहिलेलं?"

"ते तुझ्या नवऱ्यानं चकाचक केलं."

पुढच्या रविवारी धाकटा आला. नवा शर्ट नव्हता. गॅरेजातले कपडे, हातात पत्र्याचा खरवडणा आणि पाण्यात घासायचे कागद. मावशीनं दार उघडलं आणि बाजूला झाली. ये म्हणाली नाही.

त्यानं टेबलाशी बसून खरवडायला सुरुवात केली, पण हात चालेना. उभ्या आयुष्यात त्यानं स्वतःच्या हातचं काम बिघडवलं नव्हतं. एक पापुद्रा काढायचा आणि थांबायचा, दुसरा काढायचा आणि थांबायचा.

"काय झालं?" मावशी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. "माझं घर घासताना नव्हता हात अडला."

मग तो थांबला नाही. रंग गेला, प्रायमर गेला, खाली करडी पुट्टी लागली. ती घासता घासता लाकूड दिसू लागलं, आणि एकाएकी त्याचा हात थबकला. "ताई," तो म्हणाला. "इकडं ये."

वरची पुट्टी निघून गेली होती, पण टिंबांत भरलेली तिथंच घट्ट बसली होती. काळपट लाकडात करड्या टिंबांच्या ओळी स्वच्छ उठून दिसत होत्या. आधी त्या बघायला डोळे बारीक करावे लागायचे. आता दारातूनही कुणाला दिसल्या असत्या. एक पूर्ण बाही, तिला जोडून एक खिसा. मावशी बघत राहिली. ते सुंदर दिसत होतं आणि त्याचा तिला संताप आला. ज्यानं नासवलं त्याच्याच हातून हे व्हावं, हे तिला पटत नव्हतं.

"चकाचक म्हणालास तर याद राख," ती म्हणाली.

तो घासत गेला आणि ती बाजूला उभी राहून सांगत गेली. ही कोट शिवायला आलेल्या मास्तरांची पाठ. ही समोरच्या बाईंची कॉलर, त्यांना उंच कॉलर लागायची. हा परकर. जाड कापडांच्या रेघा खोल होत्या, त्या सगळ्या आल्या. पातळ कापडांच्या अर्ध्यामुर्ध्या आल्या. त्याच्या मशीननं वरचा थर नेला होता, त्याबरोबर उथळ टिंबंही गेली होती. असं करत तो खिडकीकडच्या कोपऱ्यात आला. रंग काढला, पुट्टी काढली. खाली साधं लाकूड निघालं. त्यानं आणखी घासलं. साधंच लाकूड.

"इथं काही नव्हतंच का?" त्यानं विचारलं.

मावशीनं उत्तर दिलं नाही. एरवी तिची जीभ कधी अडत नसे. धाकट्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"ताई, इथं काय होतं?"

ती सांगणार नव्हती. तिनं तसं मनाशी ठरवलं होतं. पण तो कोपरा ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा वाकून बघू लागला आणि तिला राहवलं नाही.

"तुझा शर्ट," ती म्हणाली. "शाळेतला पहिला. बाबांचा जुना शर्ट उसवून आईनं बेतला होता. कापड इतकं विरलं होतं की दाब दिला तर फाटेल म्हणून तिनं चाक अगदी हलक्या हातानं फिरवलं. जन्मात एकदाच तिनं हलक्या हातानं फिरवलं. मी कागद धरला होता. तू खाली रिळं खेळत होतास. आख्ख्या टेबलावर तुझं तेवढंच होतं. ते तू घासलंस."

धाकट्यानं तळवा त्या कोपऱ्यावर ठेवला, गाडीवर ठेवायचा तसाच, आणि फिरवून पाहिला. परत फिरवला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "आईचं चाक असेल ना तुझ्याकडं? परत मार की."

"मी मारलेलं आईचं होईल का?"

त्यानं मान हलवली. मग तो उठला, पांढऱ्या खुर्चीचे हात घासायला घेतले, आणि त्याचे डोळे वाहत होते ते त्यानं पुसले नाहीत, कारण हातांना पुट्टी होती. मावशीनं त्याच्यापुढं चहा ठेवला. माफ केलं म्हणून नव्हे. कामावर आलेल्या माणसाला ती चहा देतच असे.

उरलेली टिंबं पुट्टीनं भरलेली, ती खडूनं उठत नव्हती; पातळ कापडातून करडी दिसतील तशी ती टिपून मावशीनं पडदा पुरा केला आणि भिंतीवर लावला. कडेपासून कडेपर्यंत बाह्या, गळे, खिसे, कॉलरी, लाल आणि पिवळ्या धाग्यांत. खिडकीकडचा कोपरा तेवढा कोरा आहे. तिथं तिनं खडूही घासला नाही, टाकाही घातला नाही. दुकानातल्या बायांनी सुचवलं, एखादं फूल काढ, नाहीतर नजर सारखी तिकडंच जाते. ती म्हणाली, जाऊ दे, त्यासाठीच सोडलाय.

धाकटा आता दर रविवारी येतो. किल्ली त्याला परत मिळालेली नाही. बेल वाजवून येतो. घरी आलेला एखादा पाहुणा पडदा बघून हटकून विचारतो, एवढं सगळं भरलंय, मग हा कोपरा का मोकळा? मावशी तेव्हा हातातलं शिवण खाली ठेवते आणि नुसती भावाकडे बोट करते.

आणि तो दर वेळी सांगतो. "तिथं माझा शर्ट होता. मी घासला."